भाटघर जलाशयाकाठची दोन कालमाने

मेक्सिकोतील पात्झक्वारो सरोवराच्या काठी पुरेपेचा समाज दरवर्षी १ व २ नोव्हेंबरला आपल्या मृतांचे स्मरण करतो. तेथे सरोवर आधीचे, वस्ती नंतरची. भोर-वेल्हे परिसरातील भाटघर येथे हा क्रम उलटा आहे. गावे, शेते व देवालये आधीची, जलाशय नंतरचा. त्यामुळे येथील वर्षाला दोन कालमाने प्राप्त झाली आहेत. त्यांच्या खुणा लोकांच्या शब्दांत कशा आढळतात, हे येथे पाहावयाचे आहे.

वेळवंडी ही नीरेची उपनदी. बोलीत तिला 'येळवंडी' म्हणतात. शब्दारंभीच्या 'वे'चा 'ये' होणे (वेळ–येळ, वेल–येल) ग्रामीण मराठीत परिचितच आहे. या नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले व त्याच्या जलाशयाला व्हाइटिंग यांचे नाव मिळाले. पुढे १९२८ मध्ये लॉइड धरण पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट आहे. आज हा जलाशय येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो. येसाजी याच खोऱ्यातील भुतोंड्याचे. लोकव्यवहारात मात्र 'धरण' हा एकच शब्द पुरतो. 'धरण भरले', 'धरण आटले' या वाक्यांतील कर्ता भिंत नसून पाणी आहे. आधारवाचक शब्द आधेयाला लागू होण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

पहिले कालमान पावसाचे. वैशाखात राब भाजावयाचा, मृगाच्या सुमारास भाताचे बी टाकावयाचे, आषाढात चिखलणी व लावणी उरकावयाची. बेंदूर, गौरी-गणपती, दसरा, दिवाळी हे सण या कामांच्या सांध्यांवर येतात. भात खळ्यावर येईपर्यंत धरणही तुडुंब असते.

दुसरे कालमान कालव्यांचे. नीरेच्या डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूरकडे व उजव्याने फलटण, माळशिरसकडे पाणी जाते. रब्बी व उन्हाळी पाळ्यांसाठी 'पाणी सुटले' की वरच्या खोऱ्यात काठ मागे सरतो. उघड्या पडलेल्या भूमीवर जे पीक घेतात ते 'गाळपेर'. 'बुडीत' या विशेषणाचीही येथे गंमत आहे. व्यापाऱ्याचे बुडीत येणे परत मिळत नाही. येथील बुडीत जमीन मात्र उन्हाळ्यात पुन्हा दृष्टीस पडते. ती दिसते, मालकी मात्र सरकारकडे गेलेली असते. त्याच दिवसांत काठच्या काही वाड्यांना पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते, हा विरोधही नोंदविला पाहिजे.

ही दोन कालमाने कांबरे येथे समोरासमोर येतात. तेथील कांबरेश्वराचे शिवालय वर्षातील सुमारे दहा महिने पाण्याखाली असते. महाशिवरात्र माघात येते, तेव्हा देव पाण्यातच असतो. दर्शन घडते ते उन्हाळ्याच्या अखेरीस. सणाची तिथी पंचांगाने ठरते. दर्शनाचा काळ मात्र खालच्या तालुक्यांतील पिकांच्या गरजेवर अवलंबून राहतो.

बुडालेल्या शिवारांची, पाणवठ्यांची व वाटांची नावे नकाशांपेक्षा वृद्धांच्या स्मरणात अधिक टिकली आहेत. जी जमीन दोनच महिने दिसते, तिची नावे नव्या पिढीच्या तोंडी बसण्याची संधीही तेवढीच. म्हणून या खोऱ्यातील स्थलनामांचे संकलन करावयाचे, तर ते उन्हाळ्यात, उघड्या पात्रात वृद्धांसमवेत हिंडूनच झाले पाहिजे.