बाळकडूची मुळी हिमालयातली

'गाण्याचं बाळकडू घरातच मिळालं,' असं आपण किती सहज म्हणतो! तान्ह्या बाळाला चाटवायचं कडू औषध म्हणजे बाळकडू. पण औषधी वनस्पतींच्या जुन्या ग्रंथांत हेच मराठी नाव एका मुळीलाही दिलेलं सापडतं. ती मुळी म्हणजे कुटकी, आणि ती सह्याद्रीत उगवत नाही. तिचं घर हिमालयात, साधारण 3,000 ते 4,500 मीटरवर, जिथे झाडं संपून गवताळ बुग्याल सुरू होतात. वीतभर रोप, जमिनीलगत पानं आणि वर निळसर जांभळ्या फुलांचा छोटा तुरा.

शास्त्रीय नाव 'पिक्रोऱ्हायझा कुर्रोआ'. ग्रीकमध्ये 'पिक्रोस' म्हणजे कडू, 'ऱ्हायझा' म्हणजे मूळ. 'कुर्रोआ' आलं पहाडातल्या 'करू' या नावावरून, त्याचाही अर्थ कडूच! संस्कृतातलं 'मत्स्यपित्ता' मला सगळ्यांत आवडतं. मासळी साफ करताना पित्ताची पिशवी फुटून सगळं कालवण कडू झालेलं ज्यांनी चाखलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी कुटकी बोटापेक्षा बारीक, करड्या-तपकिरी सालीची आणि हलकी असते. मोडली की कट्कन तुटते आणि आत काळपट गाभा दिसतो. कणभर जिभेवर ठेवा, पाणी प्यायल्यावरही कडवटपणा रेंगाळतो.

त्वचारोगासाठी अनेकांच्या घरात असणाऱ्या आरोग्यवर्धिनी गोळीचंच उदाहरण पाहा. ग्रंथातल्या पाठाप्रमाणे बाकी सगळ्या द्रव्यांच्या वजनाइतकी एकटी कुटकी त्यात पडते, म्हणजे निम्मी गोळी तिचीच. वर खल करायचा तोही कडुनिंबाच्या पानांच्या रसात! चरकाने ती 'स्तन्यशोधन', म्हणजे आईचं दूध शुद्ध करणाऱ्या औषधांत घातली आहे. बाळाशी नातं असं जुनं आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यातून यकृतासाठी 'पिक्रोलिव्ह' तयार केलं. आणि आजच्या वर्गीकरणात ती आपल्या इसबगोलच्या कुळातली! दोघीही पोट साफ करणाऱ्या, पण कुटकी चांगलीच रेचक आहे. तेव्हा वैद्याला विचारल्याशिवाय घेऊच नका.

नावाचा एक घोटाळाही लक्षात ठेवा. 'कोदो-कुटकी'तली कुटकी हे भरडधान्य आहे, तिचा या मुळीशी काही संबंध नाही.

आता काळजीची गोष्ट. औषध जमिनीखाली असतं, त्यामुळे ते काढायचं म्हणजे रोपच उपटायचं. जंगलातून इतकी ओरबाड झाली, की 1997 मध्ये कुटकीचं नाव साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. म्हणून शेतात पिकवलेली कुटकी मला फार मोलाची वाटते. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं घेस हे गाव तर कुटकीच्या शेतीसाठीच ओळखलं जातं. बी अगदी बारीक, त्यापासून रोप वाढवायला वेळ लागतो, म्हणून बहुतेक लागवड मुळीच्या तुकड्यांपासून होते. ओलसर, भुसभुशीत माती हवी आणि दोन-तीन वर्षांचा धीर हवा. मग शरद ऋतूत पानं सुकू लागली की खणायचं, जाड मुळ्या सावलीत वाळत घालायच्या आणि डोळे असलेले कोवळे तुकडे त्याच दिवशी परत मातीत खोचायचे.