भातखाचरातील सूक्ष्मजीवांचे तीन महागट

लोणावळ्यापासून वडगावपर्यंत मावळातील भातखाचरे पावसाळ्यात पाण्याने भरून जातात. त्यांच्या मूठभर चिखलात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव नांदत असतात. त्यांचे वर्गीकरण हा शास्त्रज्ञांपुढे दीर्घकाळ यक्षप्रश्न होता.

१८६६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यांनी वनस्पती व प्राणी यांच्या जोडीला ‘प्रोटिस्टा’ हा सूक्ष्मजीवांचा तिसरा वर्ग सुचविला. तथापि, केवळ आकारावरून जीवांचे नाते उमगत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत कार्ल वूस व जॉर्ज फॉक्स यांनी पेशींतील रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली. तेव्हा मिथेन वायू निर्माण करणारे सूक्ष्मजीव जीवाणूंहून सर्वस्वी भिन्न असल्याचे आढळले. त्यांना पुढे ‘आर्किया’ हे नाव मिळाले. १९९० मध्ये जीवाणू, आर्किया आणि केंद्रकयुक्त पेशींचे जीव असे तीन महागट मांडण्यात आले.

भातखाचरात हे तिन्ही गट आढळतात. हवेतील नत्र स्थिर करणारे निळे-हिरवे शेवाळ नावाने शेवाळ असले, तरी वस्तुतः जीवाणू आहे. अमिबा केंद्रकयुक्त गटात मोडतो. चिखलात मिथेन निर्माण करणारे आर्किया असतात. गोबर वायू संयंत्रातही हेच कार्य चालते. प्राणवायू त्यांना मानवत नाही. म्हणून फुटव्यांच्या अखेरीस, पावसाची उघडीप मिळताच, खाचरातील पाणी काही दिवस काढल्यास वातावरण तापविणाऱ्या मिथेनचे उत्सर्जन घटते. फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी राखावे लागते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.