खोकला नाही, तरी करोना?

मुलाला खोकला नाही, नाक वाहत नाही. फक्त दोन उलट्या आणि चार-पाच वेळा पातळ शी. मग घरात एकच निदान होते : बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल! बहुतेक वेळा ते खरेही असते. पण करोनाच्या काळात बालरोगतज्ज्ञांना अशीही मुले भेटली, ज्यांच्या आजाराची सुरुवातच पोटापासून झाली होती.

याचे कारण सरळ आहे. हा विषाणू शरीरातील पेशींत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून, आणि हे प्रथिन लहान आतड्याच्या अस्तरावर भरपूर असते. नाकातला नमुना निर्दोष आल्यावरही काही मुलांच्या मलात विषाणूचे अंश आढळले आहेत. म्हणून बाळाचे लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवायलाच हवेत.

बहुतेक मुले काही दिवसांत बरी होतात. खरा धोका असतो तो शरीरातले पाणी कमी होण्याचा. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. आजचे ओआरएस तेच काम करते. मात्र मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच घालावे. अर्ध्या पेल्यात थोडी पूड टाकून दिल्याने नुकसानच होते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पाजावे. दुकानातल्या गोड पेयांवर 'ओआरएस' लिहिण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. हे आधीच व्हायला हवे होते!

मुलाला उपाशी ठेवू नका. अंगावरचे दूध चालू ठेवा. मोठ्या मुलाला पेज, ताक, मऊ मुगाची खिचडी द्या. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत, आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. डॉक्टर झिंक देतात, ते जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण द्या.

एक गोष्ट मात्र आईवडिलांनी लक्षात ठेवावी. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना ताप आणि तीव्र पोटदुखी असलेली मुले दिसू लागली. काहींना अपेंडिक्स असावे, असे आधी वाटले. प्रत्यक्षात करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी आलेली ती शरीरभरची सूज होती, आणि तिचा हृदयावरही परिणाम होत होता. मूळ संसर्ग इतका सौम्य की अनेक घरांत त्याचा पत्ताही नव्हता. हा आजार आता फारच क्वचित दिसतो. तरीही तीन दिवस ताप, सोबत पोटदुखी, अंगावर पुरळ किंवा लाल डोळे असतील, तर महिन्याभरापूर्वी घरात कोणाला सर्दी-ताप होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

मूल सहा-आठ तास लघवीला गेले नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, डोळे खोल गेले, शीत रक्त दिसले, उलटी हिरवी झाली किंवा मूल सुस्त पडून राहिले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.