आवडलं, पटलं, जमलं : सिनेमाबद्दल मराठीत भांडायचं कसं?

शनिवारची संध्याकाळ. मिसिसागा म्हणा, ब्रॅम्प्टन म्हणा. बाहेर उणे बारा. घरात 'अशी ही बनवाबनवी' लागलाय, कितव्यांदा ते विचारू नका. बाबा प्रत्येक संवाद नटाच्या आधी म्हणतायत. तुम्हीही पोट धरून हसताय. सिनेमा संपतो आणि तुम्ही म्हणता, "पण इट्स सो प्रॉब्लेमॅटिक!" बाबा गप्प. आई म्हणते, "तुम्हाला आमचं काही आवडतच नाही." चर्चा संपली. उठा, भांडी आवरा.

आता गंमत बघा. "आवडलं नाही" असं तुम्ही म्हटलंच नव्हतं. आवडला होता म्हणून तर हसलात. तुम्हाला म्हणायचं होतं ते वेगळंच, आणि त्यासाठी मराठीत एक चोख शब्द आहे. पण मत द्यायची वेळ आली की आपली गाडी इंग्रजीच्या रुळावर जाते. जेवण, आजारपण, सणवार मराठीत. मतं मात्र इंग्रजीत. मराठीत मतासाठी उरतात दोनच शब्द, 'मस्त' आणि 'बोअर'. दोन शब्दांत कुणाशी नीट भांडता येत नाही.

म्हणून या लेखात तीन क्रियापदं घेऊया. आवडणं, पटणं आणि जमणं. आमचं म्हणणं इतकंच आहे की कुठल्याही सिनेमाला किंवा मालिकेला हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले, तर निम्मी भांडणं मिटतात आणि उरलेली निम्मी भांडण्यासारखी होतात.

'मी' आणि 'मला'

आधी थोडं व्याकरण, घाबरू नका. "मी सिनेमा बघितला" यात बघणारा मी. काम मी केलं. पण "मला सिनेमा आवडला" म्हटलं की 'मी'चा 'मला' होतो. क्रियापद सिनेमाच्या मागे जातं: सिनेमा आवडला, मालिका आवडली, गाणं आवडलं. म्हणजे आवडणं ही मी केलेली कृती नाही, ती माझ्यापर्यंत आलेली गोष्ट आहे. पटणं, खटकणं, भिडणं, रुचणं, कळणं, ही सगळी मंडळी याच घरातली.

कॅनडात शाळेत फ्रेंच शिकला असाल तर हे ओळखीचं वाटेल. 'सा म प्ले', म्हणजे 'हे मला आवडतं'. तिथेही आवडणारी वस्तू कर्ता असते आणि आपण 'मला' होऊन बाजूला बसतो. इंग्रजीत तसं नाही, तिथे आवडण्याचं कामही 'मी'च करतो. म्हणून इकडे वाढलेल्या मुलांच्या तोंडी कधी कधी "मी पिझ्झा आवडतो" असं येतं आणि आजी विचारते, "कुणाला रे आवडतोस?" यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेत वाढलेल्या हिंदी भाषकांवर सिल्व्हिना मोंत्रुल, राकेश भट्ट आणि अर्चना भाटिया यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हेच दिसलं, की हिंदीतला 'को' (आपल्या 'ला'चा भाऊच) बोलताना गळून पडतो.

पण 'ला' गळला की फक्त व्याकरण जात नाही, मत मांडायची एक नम्र सोयही जाते. "मला नाही पटलं" यात समोरच्याच्या आवडीवर हल्ला नाही. ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच मी सांगतोय. "प्रॉब्लेमॅटिक" म्हटलं की सिनेमा दोषी, आणि तो आवडणारे बाबाही दोषी.

आवडणं वेगळं, पटणं वेगळं

'बनवाबनवी'कडे परत येऊ. १९८८चा सिनेमा, दिग्दर्शक सचिन पिळगांवकर. पुण्यात चौघा मित्रांना घर हवंय आणि घरमालकीण फक्त विवाहित जोडप्यांनाच ठेवून घेणार. म्हणून दोघं साड्या नेसून बायका बनतात. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावर हे बेतलेलं आहे. म्हणजे घराची ही अडचण तेव्हाही जुनीच होती, आणि टोरांटोत बेसमेंट शोधलेल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही.

आवडला का? हो. पटला का? इथे थांबा, कारण 'पटणं' दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक म्हणजे, असं होऊ शकेल हे पटतं का? साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे कुणालाच कसा ओळखू येत नाही? हा प्रश्न विनोदी सिनेमाला विचारायचा नसतो. तेवढी सूट आपण तिकिटासोबतच दिलेली असते. दुसरं म्हणजे, सिनेमा जे गृहीत धरतो ते पटतं का? पुरुषाने बाईचे कपडे घातले की तेवढ्यानेच हसू यावं, किंवा एका वयस्क बाईची फसवणूक हा गमतीचा भाग असावा, हे आज तुम्हाला खटकू शकतं. ते रास्तच आहे. मग वाक्य असं होतं: "बाबा, मला जाम आवडला, पण ही एक गोष्ट पटली नाही." या वाक्यावर बाबांना बोलता येतं. कदाचित ते म्हणतील, "अरे, ते घरासाठी किती अडलेत ते बघ ना." झालं, चर्चा सुरू झाली. तीही मराठीत.

इथलंच एक उदाहरण घ्या. 'किम्स कन्व्हीनियन्स' ही सीबीसीवरची मालिका २०१६ ते २०२१ चालली. टोरांटोत दुकान चालवणारं कोरियन कुटुंब, मूळ नाटक इन्स चोई यांचं. आपल्यापैकी कितीतरी घरांत ती आपलीच म्हणून बघितली गेली. अप्पांच्या जागी स्वतःचे बाबा दिसायला फार कल्पनाशक्ती लागत नव्हती. मालिका संपल्यावर सिमू लियू आणि जीन यून या तिच्यातल्याच कलाकारांनी जाहीरपणे सांगितलं, की लिहिणाऱ्यांच्या चमूत त्यांच्या समाजातले लोक फार कमी होते आणि काही गोष्टी त्यांना पटत नव्हत्या. म्हणून तुम्हाला ती आवडली हे खोटं ठरतं का? मुळीच नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी राहू शकतात, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

जमणं : कुणाला, काय?

तिसरं क्रियापद वेगळ्या चालीचं आहे. "आवडलं" म्हणताना 'मला' लागतो. "जमलं" म्हणताना 'त्यांना'. त्यांनी जे करायला घेतलं ते त्यांना जमलं का? हे ठरवायला आधी विचारावं लागतं की त्यांनी करायला घेतलं तरी काय. सिनेमाचा प्रकार कुठला हा प्रश्न इथे कामाला येतो. प्रकार म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द. विनोदी सिनेमा हसवायचा शब्द देतो, भयपट घाबरवायचा. भाकरीला ती केकसारखी फुगली नाही म्हणून नावं ठेवू नयेत.

'संथ' हा आरोप घ्या. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, तिथे त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी तो टोरांटोच्या महोत्सवातही दाखवला गेला. शास्त्रीय गायन शिकणाऱ्या शरद नेरुळकरची ही गोष्ट. रात्रीच्या मुंबईत तो मोटरसायकलवर जातो, कानात तानपुरा आणि गुरूंच्या गुरूंचा आवाज, आणि रस्ता संपतच नाही. संथ आहे? आहेच. पण वर्षानुवर्षं रियाज करूनही आपण मोठे गायक होणार नाही, हे एखाद्याच्या हळूहळू लक्षात येणं पडद्यावर भराभर कसं दाखवणार? इथे संथपणा कामाचा आहे. तुम्हाला कंटाळा आला तर जरूर म्हणा, "मला नाही आवडला." पण "जमलाच नाही" म्हणायच्या आधी थोडं थांबा.

आता रोजची मालिका. 'आई कुठे काय करते' २०१९ ते २०२४ चालली. तीही संथ, पण कारण वेगळं. रोज अर्धा तास भरायचा असतो, आणि बघणारी व्यक्ती एकीकडे कुकर लावत असते, मध्येच फोन घेते. म्हणून तीच बातमी चार पात्रं चार वेळा सांगतात आणि प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा जाऊन येतो. 'नुसतं ताणतात' ही तक्रार खरीच आहे, पण ताणणं हा त्या धंद्याचाच भाग आहे. तरीही ज्या आयांनी पंचवीस वर्षं 'घर सांभाळते' एवढंच स्वतःबद्दल सांगितलं, त्यांना अरुंधतीचं घराबाहेर पडणं भिडलं. 'भिडणं' हाही आपल्या यादीतला शब्द. तो फक्त 'ग्रेट आर्ट'साठी राखून ठेवलेला नाही.

भयपटाचं माप आणखी वेगळं. २०१८चा 'तुंबाड' हिंदीत आहे, पण माती कोकणची आणि माणसं मराठी. तो 'आवडला' म्हणण्यापेक्षा 'अंगावर आला' म्हणणं जास्त बरोबर. दचकवणं तर सोपं असतं. हाव कशी एका पिढीकडून दुसरीकडे जाते, हे त्या पावसाळी अंधारात दाखवणं अवघड होतं. आमच्या मते ते जमलंय.

आणि कधी कधी दिलेला शब्द मुद्दाम मोडला जातो. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) अर्ध्यापर्यंत गाण्यांची, विहिरीतल्या उड्यांची प्रेमकथा आहे. मग ती दोघं हैदराबादला पोचतात, आणि त्यानंतर सिनेमाचा आवाजच बदलतो. शेवट सांगत नाही. पण अनेक जण म्हणतात, "पटला, भिडला, पण परत बघवणार नाही." मराठीतलं हे एक अख्खं परीक्षण आहे. तारे मोजून ते सांगता येणार नाही.

टोरांटोत 'स्थळ'

आता जरा अवघड उदाहरण. टोरांटोच्या महोत्सवाचा सर्वांत गाजणारा पुरस्कार परीक्षक देत नाहीत, प्रेक्षक मतदान करतात. म्हणजे तिथे 'आवडलं'ला किंमत आहे. २००८ साली तो 'स्लमडॉग मिलियनेअर'ला मिळाला. टोरांटोला तो आवडला. भारतात अनेकांना पटला नाही, कारण आमची गरिबी बाहेर विकली असं त्यांना वाटलं.

२०२३ साली तिथेच जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' दाखवला गेला आणि त्याला आशियाई सिनेमासाठीचा 'नेटपॅक' पुरस्कार मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची गोष्ट, आणि पडद्यावर बहुतेक गावातलीच माणसं. सविता शिकतेय, तिला स्पर्धा परीक्षा द्यायचीय. वडील कापूस पिकवतात आणि तिचं लग्न जमवायच्या मागे आहेत. पाहुणे येतात, पोहे खातात, नाव, शिक्षण, उंची विचारतात, आणि नकार कळवतात. मग दुसरे पाहुणे. तेच प्रश्न. सुरुवातीच्या स्वप्नात मात्र उलटं आहे: मुलगा मान खाली घालून बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत.

अशा सिनेमाबद्दल आपल्या घरांत हमखास येणारं मत म्हणजे, "हे इथे गोऱ्यांसमोर कशाला दाखवायचं?" हे मत हसण्यावारी नेऊ नका. सभागृहातल्या कितीतरी लोकांनी आयुष्यात दुसरा मराठी सिनेमा बघितलेला नसतो. त्यांच्यासाठी सविताचं गाव म्हणजेच महाराष्ट्र. काकूंची भीती खरी आहे. पण तीन प्रश्न वेगळे केले की दिसतं, काकूंना सिनेमा जमला नाही असं म्हणायचंच नाहीये. त्यात दाखवलंय ते खोटं आहे, असंही नाही. त्यांना तो 'इथे' दाखवणं पटत नाहीये. म्हणजे त्यांचं भांडण सिनेमाशी नाही, सभागृहाशी आहे.

आणि मग काकूंना एक प्रश्न विचारता येतो. लग्न जुळवायच्या साइटवर आपल्या ताईचा फॉर्म भरताना उंची लिहिली होती ना? रंगाचा रकाना होता? आणि 'पीआर आहे का?' हा प्रश्न दोन्ही बाजूंनी किती वेळा विचारला गेला? डोंगरगावात पोह्यांची बशी असते, इथे व्हिडिओ कॉल असतो. 'स्थळ' बाहेरच्यांना आपल्याबद्दल काही सांगतो की नाही, हा प्रश्न राहू द्या. आपल्याबद्दल आपल्यालाच तो जे सांगतो, त्यावर घरी बोलणं जास्त कठीण आहे. तसं बोलायला इंग्रजी पुरत नाही, कारण काकू इंग्रजीत गप्प बसतील.

पुढच्या शनिवारी

एक छोटा प्रयोग करा. काहीही बघा: बनवाबनवी, कोरियन थ्रिलर, रोजची मालिका. संपल्यावर प्रत्येकाने तीनच वाक्यं बोलायची. मला काय आवडलं. काय पटलं नाही. त्यांना काय जमलं. अडलात तर उसने घ्यायला शब्द भरपूर आहेत: रटाळ, बटबटीत, ओढूनताणून आणलेलं, उरकलेलं, पाणचट, आणि दुसऱ्या बाजूला संयत, नेमकं, चटका लावणारं. 'ला' चुकला तर चुकू द्या. आजी हसेल, आणि दुरुस्तही करेल.

सगळ्यांचं एकमत झालं नाही तर चांगलंच. भांडी मग रात्री उशिरा घासा.