पायातला भाता: कीबोर्ड, लॅपटॉप आणि मिडी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचं 'अं... म्हणजे...' तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय मिडी. कीबोर्डच्या मागे एक चौकोनी यूएसबीचं भोक असतं, नाहीतर पाच पिनांचं गोल सॉकेट असतं. बहुतेकांनी ते कधी वापरलेलं नसतं. मीही नव्हतं वापरलं. मग घरीच गरज पडली.

आमचे अण्णा कोपरगावात भजनी मंडळात पेटी वाजवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, पण डाव्या हातात जोर राहिला नाही. पेटीला उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर लागतो. भाता नाही तर सूर नाही. मी कॉलेजात असताना घेतलेला कीबोर्ड माळ्यावरून काढून त्यांच्यापुढे ठेवला. दहा मिनिटं वाजवून ते म्हणाले, "वाजतंय रे, पण हे दमच घेत नाही."

हे वाक्य मी विसरलो नाही. आता मुद्द्यावर येऊ.

पहिला गैरसमज असा, की मिडीच्या वायरीतून आवाज जातो. जात नाही. जातात फक्त आकडे. तुम्ही पट्टी दाबली की कीबोर्ड तीन बाइट पाठवतो, उदाहरणार्थ १४४, ६०, १००. १४४ म्हणजे 'पहिल्या चॅनलवर सूर सुरू कर', ६० म्हणजे कोणती पट्टी, १०० म्हणजे किती जोरात. पट्टी सोडली की 'सूर बंद कर' असा वेगळा निरोप जातो. आपल्या भाषेत ६० म्हणजे मधली पांढरी एक, ६१ म्हणजे काळी एक, ६३ म्हणजे काळी दोन. पट्ट्यांचे आकडे ० ते १२७, आणि एका वायरीत चॅनल १६. आवाज कोणता काढायचा, ते निरोप ऐकणारा ठरवतो. म्हणून साध्या कीबोर्डवरूनही लॅपटॉपमधली उत्तम पेटी वाजवता येते.

ही भाषा सगळ्या कंपन्यांची एकच आहे, ही यातली खरी कमाल. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्ध्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले होते. त्यामागच्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. चाळीस वर्षं उलटली तरी मूळ भाषा तीच आहे. आमच्या धंद्यात तर दोन वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर आज चालेल याची खात्री नसते!

आता जोडणी. कीबोर्डमागे 'यूएसबी टू होस्ट' लिहिलेलं असेल, तर प्रिंटरला लागते तीच चौकोनी तोंडाची केबल चालते. लॅपटॉपवर बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. मोबाइलला जोडायचं तर मध्ये ओटीजी लावा. जुन्या मॉडेलला पाच पिनांचं सॉकेट असेल, तर मिडी-यूएसबी इंटरफेस घ्यावा लागतो. तिथे एकच नियम: एकाचं 'आउट' दुसऱ्याच्या 'इन'मध्ये. आउटला आउट जोडून मी अर्धा तास घालवलाय, तुम्ही घालवू नका.

मी रीपर हे सॉफ्टवेअर टाकलं, त्यात पेटीचा सॅम्पल लावला. पट्टी दाबली आणि सूर आला. पण उशिरा. अण्णा लगेच म्हणाले, "सूर मागून येतोय." दोष मिडीचा नव्हता. पाच पिनांच्या वायरीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे, म्हणजे तीन बाइटांचा निरोप जायला साधारण एक मिलिसेकंद. उशीर लॅपटॉप करतो, कारण तो आवाज तुकड्या-तुकड्यांनी बाहेर सोडतो. बफर १०२४ सॅम्पलचा असेल तर ४४,१०० च्या दराने नुसत्या त्या बफरचेच २३ मिलिसेकंद होतात. विंडोजवर एसिओफोरऑल हा मोफत ड्रायव्हर टाकून बफर २५६ वर आणला, की तेच सहाच्या आत येतात. आणखी एक: पेटीत पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, म्हणून कीबोर्डचा 'टच रिस्पॉन्स' बंद केला.

राहिला दम. मिडीमध्ये पट्ट्यांशिवाय 'कंट्रोल' नावाचे निरोप असतात. ६४ नंबर म्हणजे सस्टेन पेडल, ११ नंबर म्हणजे एक्स्प्रेशन, म्हणजे सूर चालू असतानाच त्याचा जोर कमी-जास्त करणं. भात्याचं कामही हेच! संगीत नाटकांच्या काळात पायपेटी होतीच की. मग भाता पायात का देऊ नये? अण्णांचा उजवा पाय ठणठणीत आहे.

आमच्या कीबोर्डला एक्स्प्रेशन पेडलची सोय नव्हती. सुताराकडून बिजागरी आणि स्प्रिंग लावलेली फळी करून घेतली, तिच्याखाली सरकणारा पोटेन्शिओमीटर बसवला आणि तो आर्डुइनो लिओनार्दोला जोडला. हा बोर्ड यूएसबीवरून स्वतःला मिडी वाद्य म्हणवून घेऊ शकतो. पोटेन्शिओमीटर ० ते १०२३ आकडे देतो, त्याला आठने भागलं की ० ते १२७. रीपरमध्ये इनपुटला 'ऑल मिडी इनपुट्स' निवडलं, की हात एका वाद्यावर, पाय दुसऱ्यावर, आणि सूर एकच.

तरी पहिला प्रयत्न फसला. अण्णांचा पाय पाच मिनिटांत भरून आला. म्हणाले, "भाता दाबून नाही धरायचा. हवा भरायची, ती थोडी पुरते." मी आवाजाचं बटण बनवलं होतं, भाता नाही. मग प्रोग्राम बदलला. आता पाय खाली गेला की 'हवा' वाढते, थांबला की हळूहळू कमी होते, आणि त्या शिल्लक हवेचा आकडा ११ नंबरवर जातो. वीसेक ओळींचा बदल. पण तो पेटीवाल्याने सांगितला, इंजिनिअरला सुचला नाही.

मंडळातल्या पोराचा ऑक्टोपॅडही जोडून पाहिला. त्याला पाच पिनांचं आउट, कीबोर्डला फक्त यूएसबी. असे दोघे थेट बोलत नाहीत, मध्ये लॅपटॉप लागतोच. ऑक्टोपॅड दहाव्या चॅनलवर ठेवला, कारण १९९१ च्या जनरल मिडीपासून तो तालवाद्यांचा चॅनल मानतात. त्याच यादीत पेटी नाही, जवळचा म्हणजे २१ नंबरचा रीड ऑर्गन. गंमत म्हणजे वायरीतून त्याचा आकडा २० जातो, कारण यादी एकपासून मोजतात आणि बाइट शून्यापासून.

शेवटची सूचना: वाजत असताना केबल ओढू नका. 'सूर बंद कर' हा निरोप पोचत नाही आणि सूर अडकून बसतो. तेव्हा सॉफ्टवेअरमधली 'ऑल नोट्स ऑफ'ची आज्ञा कामी येते. आणि लॅपटॉप चार्ज करून न्या. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही.

परवाच्या एकादशीला अण्णा दोन वर्षांनी मंडळात बसले. पहिल्या अभंगात पाय घाईत होता, तिसऱ्यापासून लागला. घरी येताना मी विचारलं, "पेटीसारखं वाटलं का?"

"पेटी ती पेटी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पुढच्या एकादशीला फळी जरा उंच कर. गुडघा अवघडतो."

म्हणजे पुढची एकादशी ठरली. तुमच्याही घरी एखादा कीबोर्ड माळ्यावर पडला असेल तर काढा खाली. भेटू पुढच्या भागात!