यंत्र, सायबॉर्ग आणि जयणा

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या वनाला लागून बोदलकसाचा तलाव आहे. ब्रिटिश अमदानीत मातीचा बांध घालून अडविलेले पाणी, भोवती टेकड्या आणि दाट झाडी. धान आणि किराण्याच्या व्यापारात गुंतलेली कुटुंबे सुट्टीच्या दिवशी अशा ठिकाणी येतात. वनप्रदेशात मोबाईलची रेंज मधूनच जाते आणि तेव्हा एक गमतीची गोष्ट दिसून येते. रेंज नाही हे ठाऊक असूनही हात दर थोड्या वेळाने खिशाकडे जातो. पेढीवरच्या मुनीमजींचा क्रमांक आठवत नाही, परतीचा रस्ता आठवत नाही, कालचा भाव आठवत नाही. यातले काहीही डोक्यात नव्हतेच. सारे खिशातल्या यंत्रात होते. मग खिसा कोठे संपतो आणि माणूस कोठे सुरू होतो?

मानवी देह आणि यंत्र यांच्या संयोगाला इंग्रजीत ‘सायबॉर्ग’ असे नाव आहे. आपण सारे सायबॉर्ग झालो आहोत, असे अलीकडे सहज म्हटले जाते. मात्र हा शब्द घडविणाऱ्यांना काय अभिप्रेत होते, हे पाहण्यासारखे आहे. १९६० साली मॅन्फ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघा अमेरिकी संशोधकांनी अंतराळप्रवासासंबंधीच्या एका लेखात तो प्रथम योजला. अंतराळात श्वास, तापमान, रक्तदाब यांकडे सतत लक्ष देत बसल्यास प्रवासी यंत्राचा गुलाम होईल. म्हणून ही कामे देहाला जोडलेल्या यंत्राने, माणसाच्या नकळत करावीत, अशी ती कल्पना होती. त्यांनी दिलेले उदाहरण होते कातडीखाली औषधाचा पंप बसविलेल्या एका उंदराचे. माणसाच्या सोयीचा पहिला भार नेहमीप्रमाणे एका मुक्या जिवावरच पडला, हे येथे नोंदवून पुढे जाऊ.

त्या कल्पनेतला कळीचा शब्द ‘नकळत’ हा आहे. यंत्र अंगाला चिकटले आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम ठरतो. बोदलकशाच्या शेजारचेच उदाहरण घ्या. २० मे २०२३ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. त्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे होते. यंत्र त्यांच्या देहावर, पण त्यांना त्याचा उपयोग शून्य. पट्ट्याच्या आधारे जंगल ‘पाहणारी’ माणसे दूर कोठेतरी बसलेली. तेव्हा यंत्र बाळगणारी वाघीण वाघीणच राहिली. पालटली ती माणसाची नजर.

उलट, ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे ते त्या १९६०च्या अर्थाने खरेखुरे सायबॉर्ग होत. स्वीडनचे आर्ने लार्सन यांच्या देहात १९५८ साली जगातला पहिला पेसमेकर बसविण्यात आला. तो काही तासच चालला. पुढे यंत्रे बदलत बदलत लार्सन २००१पर्यंत जगले आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या व यंत्र बनविणाऱ्या दोघांच्याही मागे राहिले. त्यांना कोणी ‘कमी माणूस’ म्हणेल काय? कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेला जयपूर फूट १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने असंख्य गरजूंना विनामूल्य बसवून दिला. रबराचा तो पाय लावून शेतकरी पुन्हा चिखलात उतरतो. जीव आणि पुद्गल यांचा भेद मानणाऱ्याला यात अडचण नाही. हाडामांसाचा पायही पुद्गलच आणि रबराचाही.

अडचण आहे ती स्मरणाची आणि लक्षाची. तीही आजची नव्हे. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी मुखोद्गत असत. धान खंडीने मोजून होईतो किंमत तोंडावर यायची. तरीही उधारी डोक्यात ठेवली जात नव्हती. ती रोजकीर्दीत आणि खतावणीत होती. वही म्हणजे व्यापाऱ्याची डोक्याबाहेरची स्मृतीच. १९९८ साली अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांनी नेमका हाच विचार मांडला, की विसराळू माणसाची टिपणवही त्याच्या मनाचाच भाग मानावी. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्यांना हे फारसे नवल वाटू नये.

धर्मपरंपरेनेही हा उंबरठा ओलांडला आहे. शतकानुशतके श्रुतज्ञान गुरुमुखातून शिष्याकडे गेले. स्मरणशक्ती क्षीण होत आहे हे पाहून आचार्य धरसेनांनी पुष्पदंत व भूतबली यांना ज्ञान दिले आणि षट्खंडागम लिहिला गेला. वीरनिर्वाणानंतर सुमारे ९८० वर्षांनी वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली श्वेतांबर आगम ग्रंथारूढ झाले. ग्रंथ आले म्हणून कंठस्थ करणे थांबले नाही. आजही पाठशाळेत सूत्रे पाठच करून घेतात.

वही आणि मोबाईल यांत मात्र एक अंतर आहे. वही हाक मारीत नाही. ती उघडावी लागते आणि उघडताना माणूस जागा असतो. मोबाईल स्वतःहून वाजतो, उजळतो, पुढचे दृश्य न मागता पुढे करतो. चालताना, बोलताना, जेवताना लक्ष असावे याला जैन आचारात जयणा म्हणतात. सायबॉर्गची सारी युक्ती लक्ष द्यावे लागू नये यासाठी आहे. जयणेची सारी साधना लक्ष सुटू नये यासाठी. हृदयाच्या ठोक्याकडे लक्ष न देण्यात काही बिघडत नाही. ताटातला घास आणि समोर बसलेले मूल यांची गोष्ट वेगळी.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली यावर साधा उपाय शोधला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे मोबाईल व टीव्ही बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला लोकांना घरोघरी जाऊन समजवावे लागले. आठवण करून द्यायला तेथेही भोंगा, म्हणजे यंत्रच लागले, हा भाग हसून सोडून द्यावा. सामायिकाची दोन घटिकांची, म्हणजे ४८ मिनिटांची मर्यादा श्रावकांच्या घरी पूर्वापार आहे. तिला भोंग्याची गरज नाही. दाराबाहेर चपलांशेजारी मोबाईल ठेवायला थोडी जागा केली की पुरे.