उशिरां आलेलें पार्सल : नुकसान कोणाचें ?

देवघेवीच्या व्यवहारास माल, मोल व विश्वास या तीन गोष्टी लागतात. बाजारांत समोरासमोर सौदा होतो तेव्हां पहिल्या दोहोंची अदलाबदल एकाच क्षणीं होते व तिसरीची गरज थोडीच भासते. गिऱ्हाईक वस्तु हातांत घेऊन पाहतें, दाम मोजतें व चालूं लागतें. परंतु विकणारा सावंतवाडीस, घेणारा लातुरास, आणि मधला रस्ता टपालाच्या हवालीं, असा प्रसंग आला म्हणजे दाम आज द्यावे लागतात व माल आठ दिवसांनीं मिळतो. हे मधले आठ दिवस केवळ विश्वासावर काढावयाचे असतात. मोबाइलवरून ऑनलाइन वस्तु मागविण्याचा प्रघात आतां घरोघरीं पडला आहे. त्या आठ दिवसांचे पंधरा झाले आणि गिऱ्हाइकानें आपले पैसे परत मागितले, तर न्याय काय, हें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असलें पाहिजे. आज तो घेणारा आहे. उद्यां कदाचित् विकणारा होईल.

प्रश्न नवा नाहीं. आपल्या देशाच्या टपालखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय सुरू केली, ती याच अडचणीवर तोड म्हणून. पोस्टमनानें पुडकें दारीं आणावें, किंमत वसूल करावी, मगच पुडकें हातीं द्यावें, व वसूल झालेली रक्कम टपालखात्यानें विक्रेत्याकडे पोंचती करावी, अशी ही रीत. पुण्यामुंबईचे पुस्तकविक्रेते खेड्यापाड्यांतील वाचकांस याच मार्गानें पुस्तकें पाठवीत. या रीतींत उशीर झाला तरी गिऱ्हाइकाचे पैसे त्याच्या गांठींच असत. जी कांहीं झीज सोसावयाची ती विक्रेत्यानें सोसावी. २०१० सालीं फ्लिपकार्ट कंपनीनें माल पोंचल्यावर रोख पैसे घेण्याची जी पद्धति सुरू केली, ती या जुन्या व्ही. पी. चीच नात म्हणावयास हरकत नाहीं. आतां मात्र पुष्कळ गिऱ्हाइकें आगाऊ पैसे भरतात. त्यामुळें पारडें फिरलें आहे : पैसे गेले, माल आला नाहीं, आणि तक्रार कोणापाशीं करावी तें कळत नाहीं, अशी स्थिति गिऱ्हाइकाची होते.

जुना कायदा याविषयीं काय सांगतो तें पाहूं. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें ३९ वें कलम असें आहे कीं, कराराप्रमाणें विक्रेत्यानें माल वाहकाच्या स्वाधीन केला म्हणजे तो सकृद्दर्शनीं गिऱ्हाइकासच दिला असें समजावें. म्हणजे पार्सल पोस्टाच्या खिडकींतून आंत गेलें कीं विक्रेता मोकळा. मात्र वाहकाशीं योग्य तो ठराव करण्याचें कर्तव्य त्यानें पार पाडलेलें असलें पाहिजे, अशी अट त्याच कलमांत आहे. बरें, गिऱ्हाईक पोस्टाकडे गेलें तर तेथेंहि भिंत उभी होती. १८९८ च्या टपाल कायद्याच्या ६ व्या कलमान्वयें टपालांत वस्तु हरवली, भलत्यास दिली गेली, उशिरां पोंचली किंवा मोडली, तरी सरकारनें स्पष्ट शब्दांत पत्करलेल्या जबाबदारीपलीकडे त्यावर कांहीं बोजा नसे. हा कायदा जाऊन २०२३ चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलांत आला. त्यांतहि नियमांनीं ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी टपालखात्यावर आहे. १९८६ सालीं सुरू झालेल्या स्पीड पोस्टाचा दीर्घकाळ चालत आलेला नियमहि असाच होता कीं, उशीर झाल्यास भरपाई व्हावयाची ती टपालहंशिलापुरती. आंतील मालाच्या किंमतीशीं तिचा संबंध नाहीं. रोज लक्षावधि टपाल वाहणाऱ्या खात्यानें प्रत्येक पुडक्याच्या आंतील मोलाची हमी घेतली तर साधें पत्रहि महाग होईल, हें खरें. मौल्यवान् वस्तूंसाठीं विमा उतरून पाठविण्याची सोय आहे, ती याचसाठीं.

याप्रमाणें विक्रेता म्हणे, “माझें काम संपलें,” आणि टपालखातें म्हणे, “आमची जबाबदारी एवढीच.” दोहोंच्या मध्यें गिऱ्हाईक उपाशी राही. ही फट बुजविण्याचें काम २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं २३ जुलै २०२० रोजीं जाहीर झालेल्या ई-कॉमर्स नियमांनीं केलें. सांगितलेल्या मुदतीहून माल उशिरां पोंचला तर विक्रेत्यास तो परत घेण्यास वा पैसे परत देण्यास नकार देतां येत नाहीं, असें हे नियम सांगतात. बाजार भरविणाऱ्या कंपनीनें तक्रारनिवारण अधिकारी नेमावा, त्यानें तक्रारीची पोंच ४८ तासांच्या आंत द्यावी व एका महिन्याच्या आंत तिचा निकाल लावावा, असेंहि त्यांत आहे. तेथें दाद न लागल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, व पुढें जिल्हा ग्राहक आयोग आहे. ब्रिटनमध्येंहि २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानें असेंच ठरविलें कीं, व्यापाऱ्यानें पाठविलेला माल प्रत्यक्ष ग्राहकाच्या हातीं पडेपर्यंत त्याचा धोका व्यापाऱ्याच्याच माथीं.

यांतील तत्त्व नीट ध्यानांत घ्यावें. रस्ता विक्रेत्याच्या ताब्यांत नाहीं, हें कबूल. पण मुदतीचा शब्द त्याचा असतो. वाहक कोण निवडावा, पुडकें केव्हां टाकावें, गिऱ्हाइकास कोणता दिवस सांगावा, या तिन्ही गोष्टी सामान्यतः त्याच्या हातच्या. गिऱ्हाइकानें पोस्टाशीं करार केलेला नसतो. तो विक्रेत्याशीं केलेला असतो. म्हणून पहिलें उत्तर विक्रेत्यानें द्यावें व मागाहून वाहकाशीं आपला हिशेब करावा, हेंच रास्त होय. बाजार भरविणारी कंपनी स्वतःच पोंचविण्याचें काम पत्करीत असेल, तर त्या उशिराचें उत्तर तिनें द्यावें हेंहि तितकेंच रास्त.

तथापि उशिराचें मूळ कोठें आहे हें पाहिल्याशिवाय निवाडा करूं नये. इंग्लंडांतील सेंट आइव्ह्ज येथील लोकरीच्या व्यापाऱ्यांनीं २ सप्टेंबर १८१७ रोजीं ब्रॉम्सग्रोव्हच्या कारखानदारांस पत्र लिहून लोकर देऊं केली व उत्तर उलट टपालीं मागविलें. पत्त्यांत वूस्टरशर परगण्याऐवजीं चुकून लेस्टरशर लिहिलें गेलें. पत्र ५ तारखेच्या सायंकाळीं पोंचलें. कारखानदारांनीं त्याच सायंकाळीं होकार धाडला. तो ९ तारखेस मिळाला. उत्तर ७ तारखेस यावें अशी अपेक्षा धरून बसलेल्या व्यापाऱ्यांनीं ८ तारखेस लोकर दुसऱ्यास विकून टाकली होती. १८१८ सालीं न्यायालयानें निकाल कारखानदारांच्या बाजूनें दिला, कारण उशीर व्यापाऱ्यांच्याच चुकीमुळें झाला होता. पत्त्यांतील एका शब्दाची ही किंमत !

आपल्या देशांत ही चूक टळावी म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आंकडी पिन क्रमांक आला. ही योजना संस्कृत कवि व टपालखात्यांतील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, हें आपणां मराठी जनांस भूषणावह आहे. पहिला आंकडा विभाग दाखवितो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, व शेवटचे तीन विशिष्ट टपालकचेरी. लातुराचा क्रमांक ४१३ नें आरंभ होतो. गिऱ्हाइकानें घाईनें ४३१ असें लिहिलें तर पार्सल छत्रपति संभाजीनगराकडील मार्गास लागेल. अशा वेळीं उशिराबद्दल विक्रेत्यास दोष देणें हा अन्याय होय.

कित्येकदां उशीर कोणाच्याहि हातचा नसतो. वर सांगितलेल्या २०२० च्या नियमांनीं दैवी व अपरिहार्य आपत्तीमुळें झालेला उशीर वगळला आहे. २०२५ सालचें उदाहरण घ्या. अमेरिकेनें लहान पार्सलांवरील जकातमाफी २९ ऑगस्टपासून बंद केली. नवी जकात कोणीं व कशी वसूल करावी याचा उलगडा होईना. तेव्हां आपल्या टपालखात्यानें २५ ऑगस्टपासून अमेरिकेस जाणारें बहुतेक टपाल घेणें थांबविलें, तें १५ ऑक्टोबरास पुन्हां सुरू झालें. ज्यांचीं पुडकीं अडकलीं त्यांस टपालहंशील परत मागण्याची मुभा मिळाली. परंतु सातासमुद्रांपलीकडील गिऱ्हाइकास दिलेल्या शब्दाचें काय ? तेथें विक्रेत्यानें वेळींच खरें वर्तमान कळविणें एवढाच मार्ग उरला.

आतां विक्रेत्याच्या घरांत डोकावूं. समजा, सावंतवाडीच्या एका कारागिरानें लाकडी फळांचा करंडा १२०० रुपयांस विकला. लाकूड, रंग, लाख व मजुरी मिळून ८०० गेले, हंशिलास १५०, कंपनीच्या दलालीस १००, उरले १५०. पार्सल अडकलें व पैसे परत द्यावे लागले, तर दलाली परत मिळाली असें धरलें तरी ९५० रुपयांची खोट आली. ती भरून काढण्यास पुढील सहा करंड्यांचा नफाहि पुरत नाहीं. मोठ्या व्यापाऱ्यास ही खोट किरकोळ वाटेल. कारागिराच्या घरीं मात्र ती चुलीपर्यंत पोंचते. म्हणून तक्रार येतांच त्यानें घाबरूं नये वा रागावूं नये. पार्सलाची स्थिति कोणती तें आधीं ओळखावें. या स्थिति चार आहेत.

पहिली, माल अद्याप दुकानांतूनच निघालेला नाहीं. येथें सबब चालत नाहीं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें १९७५ सालीं केलेला नियम अनुकरणीय आहे : सांगितलेल्या मुदतींत, व मुदत सांगितली नसल्यास ३० दिवसांत, माल रवाना करतां येत नसेल, तर गिऱ्हाइकास तसें कळवावें आणि थांबणें किंवा पैसे परत घेणें यांची निवड त्याजवर सोंपवावी.

दुसरी, पार्सल वाटेंत आहे. ट्रॅकिंगमध्यें तें एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यास सरकतांना दिसतें. फक्त दिवस टळला आहे. येथें तो क्रमांक गिऱ्हाइकास पाठवून आणखी चार दिवस मागावेत. बहुतेक माणसें देतात. न दिल्यास पैसे परत करावेत, परंतु पार्सल आल्यास तें न घेतां परत धाडावें असें लेखी ठरवून घ्यावें.

तिसरी, हालचाल पुष्कळ दिवस थांबली आहे. येथें विक्रेत्यानें पाठवणीची पावती घेऊन स्वतः वाहकाकडे तक्रार नोंदवावी. “तुम्हीच पोस्टांत जाऊन विचारा,” हें वाक्य त्यानें तोंडावाटे काढूं नये. गिऱ्हाइकास दुसरी वस्तु द्यावी किंवा पैसे द्यावेत.

चौथी व सर्वांत अवघड, पार्सल पोंचलें अशी नोंद आहे, पण गिऱ्हाईक “मिळालें नाहीं” म्हणतें. लगेच त्यास खोटें ठरवूं नये. घरांतील वडील माणसें, शेजारी, इमारतीचा पहारेकरी यांपैकीं कोणीं घेतलें काय, तें विचारण्यास सांगावें. पार्सल कोणाच्या हातीं दिलें याची वाहकाकडे चौकशी करावी. ईबे या अमेरिकन कंपनीच्या बाजारांत ७५० डॉलर वा त्याहून अधिक किंमतीच्या मालास घेणाऱ्याची सही असलेली पोंच लागते, ती याच तंट्यासाठीं. आपल्याकडे मोबाइलवर येणारा ओ. टी. पी. सांगितल्यावरच पार्सल देण्याची जी पद्धति आहे, तिचा हेतूहि तोच.

आतां गिऱ्हाइकाचें कर्तव्य. मुदत टळण्यापूर्वीं तक्रार करूं नये. टळल्यावर मात्र फार दिवस गप्पहि बसूं नये. पत्ता व पिन क्रमांक दोनदां वाचावा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, पैसे परत मिळाल्यानंतर तेंच पार्सल एके दिवशीं दारीं आलें, तर तें फुकट मिळालें असें समजूं नये. कंपनीच्या दप्तरीं तें प्रकरण मिटलेलें असतें; विक्रेत्यास पार्सल आल्याचें कदाचित् कळणारहि नाहीं; कोणी विचारावयास येणार नाहीं. तरीहि तो करंडा कारागिराचा आहे. तो परत पाठवावा, किंवा ठेवून घेऊन त्याचे बाराशें रुपये त्यास पोंचते करावे. कायदा विक्रेत्याकडून पैसे परत देववूं शकतो. परंतु उशिरां आलेल्या पार्सलाचा प्रामाणिकपणा कायद्यानें देववतां येत नाहीं. तो ज्याचा त्यानें आपल्या सदसद्विवेकबुद्धीस स्मरून द्यावयाचा असतो.

विद्यार्थिमित्रांनो, टपालाची दिरंगाई अजिबात नाहींशी होईल असा काळ येईलसें वाटत नाहीं. पावसाळा आहे, दिवाळीची गर्दी आहे, माणसाच्या हातून होणाऱ्या चुका आहेत. परंतु विकणाऱ्यानें पाळतां येईल तोच दिवस सांगावा, व घेणाऱ्यानें जें आपलें नाहीं तें ठेवूं नये. एवढें दोघांनीं पाळलें, तर पार्सल उशिरां आलें तरी विश्वास वेळेवर पोंचेल.